धुऱ्याखालचं बियाणं

"बंधू-भगिनींनो, दहा हजार वर्षं माणूस तणाशी लढतो आहे. ती लढाई आज, या क्षणी, मांडवखेड्याच्या भूमीवर संपली!"

तणमुक्त शिवार अभियानाच्या अध्यक्षांनी दोन्ही हात वर करून असं जाहीर केलं आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी आली. मांडव ज्या पटांगणात घातला होता तिथलं गाजरगवत पहाटे घाईघाईनं कापून सतरंजीखाली दाबलेलं होतं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात ते खालून आपलं मत नोंदवत होतं. अध्यक्ष एकंदर अकरा वेळा शिंकले. अकराव्या शिंकेला त्यांचा चष्मा उडून उद्घाटनाच्या नारळावर आपटला. चष्मा फुटला. नारळ मात्र नंतर वेगळा फोडावा लागला.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या दिगांबर इंगोल्यांना लढाई संपल्याचं ऐकून फारसा आनंद झाला नाही. वय अडुसष्ट, शेत सहा एकर, आणि कमरेचा एक मणका असा, की तो आपला स्वतंत्र संसार मांडून बसलेला. थकलेल्या माणसाला लढाई कोण जिंकलं याच्याशी कर्तव्य नसतं. संपली असेल तर घरी जाऊ द्या, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

आणि दिगांबरराव थकलेले होतेच. उन्हाळ्यात नांगरट, मग वखराच्या दोन पाळ्या, मग पेरणी. पेरणी होऊन वीस दिवस होतात न होतात तोच ओळींमधून तण काढणारा डवरा, पुन्हा पंधरवड्यानं डवरा, आणि मधल्या काळात निंदण, म्हणजे खुरपणी. असं पन्नास वर्षं. निंदायला येणाऱ्या बाया एकेक करत तालुक्याच्या गोदामांत कामाला लागल्या. तिथं पंखा होता. तणनाशकं आली, ती पिऊन केना नावाचं तण पहिल्यापेक्षा तजेलदार दिसू लागलं. मागच्या वर्षी तण जाळणारं चारचाकी यंत्र आलं होतं. त्याला संशोधन केंद्राच्या शेतावर शिकवलेलं होतं, आणि तिथं पीक आखल्यासारखं सरळ रेषेत असतं. दिगांबररावांची पेरणी वळणावळणाची. यंत्रानं रेषेबाहेरची सगळी तूर तण समजून जाळली आणि काम उत्तम झाल्याचा संदेश फोनवर पाठवला.

म्हणून ह्या वर्षीच्या यंत्रासाठी नाव नोंदवताना त्यांनी एकच चौकशी केली. "हे काही जाळते का?"

"नाही काका," नोंदणी करणारी मुलगी म्हणाली. "हे उगवतं."

"तण?"

"तण."

"त्यासाठी यंत्र कायले पायजे?" दिगांबरराव म्हणाले. "मी नुसता शेतात उभा राहिलो तरी उगवते."

मुलीचं नाव मृणाल जुमडे. वाशीमची, शेतकी पदवीची, डोक्याला ओढणी गुंडाळून स्वतःच ट्रॅक्टर चालवणारी. चार दिवसांनी ती 'जागर' नावाचं ते यंत्र घेऊन शेतावर आली. दिसायला ते साधंच होतं. पाण्याची टाकी, तिच्याखाली बोटाएवढ्या जाड पोकळ फाळांची रांग, आणि मागं एक पाटी, 'अंतर ठेवा' अशी.

"काका, मूठभर माती घ्या. ह्यात तणाचं बी किती असेल?"

"असन दहा-वीस."

"तीनशेच्या वर."

दिगांबररावांनी मुठीकडे पाहिलं आणि ती हळूच खाली सोडली.

मृणालनं मग समजावून सांगितलं ते असं. तणाचं बी एकाच वेळी सगळं उगवत नाही, हीच त्याची हुशारी. शंभरातलं दहा यंदा उठतं, बाकीचं झोपून राहतं. काही पाच वर्षं, काही वीस, काही चाळीस. शेतकरी दरसाल उठलेल्यांना मारतो आणि आपण जिंकलो असं समजतो. झोपलेल्यांना ह्या लढाईची वार्ताही नसते. पण रान जळून गेलं की पुढच्या ओलीला तिथं हिरवं दाट फुटतं, हे जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. कारण धुरातच एक द्रव्य असतं. ते पाण्याबरोबर मातीत उतरलं की बी समजतं, वरची सगळी झाडं जळाली, ऊन मोकळं, जागा मोकळी, आता उठायला हरकत नाही. शास्त्रज्ञांनी ते द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं. तरोट्यासारखी, म्हणजे टाकळ्यासारखी, काही बियाणी मात्र कवचाची इतकी पक्की, की धुराला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी फाळांमधून एक बारीक थरथर सोडायची. ती कानाला ऐकू येत नाही, पण कवचाला तडा देते. वरून तुषार संचानं पाणी द्यायचं. नऊ दिवसांत पन्नास वर्षांचं तण एकाच वेळी वर येतं. मग दोन बोटं खोल वखराची एकच पाळी. सगळं साफ. जमिनीत बीच उरलं नाही तर पुन्हा उगवणार काय?

"म्हणजे तुमी त्याइले खोटं सांगता," दिगांबरराव म्हणाले. "का रान जळालं, उठा."

"हो. तसंच म्हणा."

"मंग सरकारी योजना आहे, शंका नाही."

मृणाल हसली. पण पुढचं तिनं बोट वर करून सांगितलं. "वखर नवव्या दिवशीच. आधी नाही. काही बी उशिरा जागं होतं. त्याच्या आधी माती हलली तर ते परत झोपतं आणि मग कशालाच उठत नाही. दरसाल थोडं थोडं आपल्या मर्जीनं उगवत राहतं. त्याच जागी. आयुष्यभर."

"माह्या का त्याच्या?"

"तुमच्या तरी नक्की."

चौथ्या दिवशी काळ्या मातीवर हिरवी झाक आली. पाचव्या दिवशी गालिचा झाला. सहाव्या दिवशी सकाळी दिगांबरराव दशमी बांधून शेतावर गेले आणि पूर्वेच्या धुऱ्याजवळ पोचून उभे राहिले ते तसेच. दशमीचं फडकं हातातच.

वऱ्हाडात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. दिगांबररावांचा पूर्वेचा धुरा साडेतीनशे फूट लांब होता आणि त्याच्या पलीकडे सावरगावची शीव लागायची. तो धुरा आपल्या जागी होता. पण त्याच्या अलीकडे, दिगांबररावांच्याच शेतात, साडेसोळा फूट आत, आणखी एक धुरा उगवला होता. हिरवा. चार फूट रुंद, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी लावल्यासारखा सरळ. आघाडा, तरोटा, रानमाठ, कुंजरू, सगळे दाटीवाटीनं उभे. आणि त्या पट्ट्यापासून आजच्या धुऱ्यापर्यंत वीत-वीत अंतरावर बारीक हिरव्या रेघा, वहीवर आखाव्यात तशा.

दिगांबररावांनी त्या मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती. बावीस असणार, हे जगात फक्त त्यांनाच माहीत होतं.

मागून मृणाल आली. तिच्या हातात उडत्या कॅमेऱ्यानं काढलेलं शेताचं चित्र होतं आणि चेहऱ्यावर निव्वळ शास्त्रीय आनंद.

"काका, काय सुंदर आलंय बघा! इथं पूर्वी धुरा होता का?"

"रस्ता होता."

"कुठं जाणारा?"

दिगांबररावांनी विचार केला. "ते रस्त्याले बी माहीत नसन."

"नाही, हा धुराच. धुऱ्यावर नांगर चालत नाही, निंदण होत नाही. शंभर वर्षं तण तिथं बी गाळत बसतं. नंतर कुणी धुरा हलवला तरी खालचं बी जागचं हलत नाही. आणि ह्या रेघा म्हणजे दरवर्षी कुणीतरी धुऱ्याची कड थोडी थोडी कोरली. कोरलेली माती उलटते, तिच्यात बियांची एक ओळ गाडली जाते. झाडाच्या खोडात वर्षाची वलयं असतात ना, तसं." तिनं चित्रावर बोट फिरवलं. "बावीस! कुणी असेल हो इतका चिकाटीचा माणूस?"

"असन कोणी," दिगांबरराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं होतं आणि त्यांना ते घेता येत नव्हतं.

गोष्ट अशी होती. धुऱ्यापलीकडचं शेत त्यांच्या बायकोच्या माहेरचं. सासरे वारले तेव्हा, चोवीस वर्षांपूर्वी, थोरला मेहुणा उकंडराव भोयर बहिणीला घेऊन तहसीलला गेला आणि पंचफुलाबाईंनी बापाच्या जमिनीतला आपला हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. भावानं हिरवी साडी घेतली. पंचफुलाबाई ती नेसून घरी आल्या, हसतमुखानं. दिगांबरराव काही बोलले नाहीत. भाऊ-बहिणीच्या मधे जावयानं बोलायचं नसतं. पण न बोललेलं माणसाच्या पोटात राहतं, आणि दिगांबररावांच्या पोटातून ते दोन वर्षांनी हातात उतरलं. पेरणीआधीच्या शेवटच्या वखराला पूर्वेच्या टोकाशी वळताना त्यांनी धुऱ्याची एक वीत आत घेतली आणि कोरलेली माती पलीकडच्या कडेला चढवली. एकच वीत. कुणाच्या डोळ्यात भरू नये आणि आपल्या मनाला मात्र काहीतरी केल्यासारखं वाटावं, असं ते माप होतं. पुढच्या वर्षी आणखी एक. मनातल्या मनात ते ह्याला 'तिचा हिस्सा' म्हणायचे. तिला मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

तो धुरा दोन गावांची शीव असल्यामुळं मांडवखेडा हे गाव दिगांबररावांनी एकट्यानं साडेसोळा फूट वाढवलं होतं. इतकी प्रगती गावाची दुसऱ्या कुणाच्या काळात झाली नव्हती.

उकंडरावांनी सरकारी मोजणी बोलावली असती तर हे कधीच उघडं पडलं असतं. पण जावयाच्या धुऱ्यावर मोजणीवाला आणायचा म्हणजे बहिणीच्या दारात पोलीस उभा करण्यासारखं. ते कुणी करत नाही. दिगांबररावांची सगळी चोरी ह्या एका सभ्यपणावर उभी होती.

आता दोनच वाटा होत्या. आजच वखर घातला तर पट्टा दिसेनासा होईल, पण अर्धं बी झोपेल आणि दरसाल त्याच जागी उगवून साक्ष देत राहील. नवव्या दिवसापर्यंत थांबलं तर पुरावा कायमचा नाहीसा होईल. पण तीन दिवस तो उघड्यावर राहणार. आणि दोन दिवसांनी, आठव्या दिवशी, दिगांबररावांना सहकुटुंब जेवायला जायचं होतं. उकंडरावांच्याच घरी. अधिक महिना लागलेला होता आणि अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण.

इकडं गावात निराळीच शोभा चालली होती. माजी सरपंचांच्या कपाशीच्या रानात गावाची हरवलेली गाडीवाट उगवली. दोन्ही कडांना हिरव्या ओळी, विहिरीजवळच्या वळणासकट. ही वाट कधी नव्हतीच, असं सरपंच तीन निवडणुका सांगत आले होते. देवस्थानचं अर्धा एकर रान एका टाळकऱ्याच्या शेतातून वर आलं. ज्या गुरुजींनी व्यसनमुक्तीवर भाषणं दिली त्यांच्या तुरीच्या रानात मधोमध गांजाचा चौकोनी वाफा उगवला. तो वडिलांच्या काळचा आहे असं गुरुजी म्हणाले, आणि वडील फोटोत असल्यामुळं गप्प राहिले.

मग मांडवखेड्यात भर दुपारी बारा वाजता, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, वखर चालू लागले. मृणाल शेताशेतातून धावत होती. "अहो, नववा दिवस! नववा दिवस!" कुणी ऐकेना. वरच्या कार्यालयानं मात्र कळवलं की शेतकऱ्यांचा असा उत्स्फूर्त प्रतिसाद अभियानाच्या इतिहासात प्रथमच मिळत आहे.

"तुमच्यात काय निघालं?" पंचफुलाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"तण."

"तं मी काय सोनं म्हणून रायली? कोणाकोणात काय काय निघून रायलं. आपल्यात काईच नाई?"

"आपण साधे लोक," दिगांबरराव म्हणाले.

पंचफुलाबाईंनी भाकरी उलटली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा स्वतःला साधा म्हणाला की काहीतरी आहे, एवढं त्यांना कळत होतं. गुडघ्यांमुळं दोन वर्षं त्या शेतावर गेल्या नव्हत्या. त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली.

आठव्या दिवशी सावरगावला उकंडरावांच्या ओसरीत पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी, समोर समई. उकंडराव त्र्याहत्तर वर्षांचे, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. ते गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसले आणि त्यांनी ताटात जावयाचे पाय घेतले.

"राहू द्या, उकंडदादा," दिगांबरराव म्हणाले. "तुमचा डोळा ताजा आहे. वाकू नका."

"वाकल्याशिवाय कसं होईन, जवाई? तिसऱ्या वर्साचा मान आहे." उकंडरावांनी पायांवर पाणी घातलं. "हे टाचीले काय झालं? लय भेगा."

"वखर."

"हाओ. तुमी मेहनत लय करता, धुऱ्याधुऱ्यानं."

दिगांबररावांनी पाय ताटातून उचलला आणि परत ठेवला. काळ्या चष्म्यामागून काही कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या कपाळी गंध लागलं, हातात तेहतीस अनारशांचं ताट आलं, त्यावर तुपाचा दिवा. पुरण भरलेले धोंडे वाढले गेले. नारायणानं दोन घास कसेबसे गिळले.

"तुमच्या शेतात ते जागर झालं म्हणे," उकंडराव म्हणाले. "पुढच्या साली आमच्या गावात येऊन रायलं. उद्या सकायी येतो पाहाले. डॉक्टरनं सांगतलं, हिरवं पाहत जा, डोयाले बरं."

"आमच्याकडं लय काही हिरवं नाही."

"असन तेवढं पाहू."

येताना रिक्षा शेताच्या वाटेपाशी आली तेव्हा पाच वाजले होते. बायकोला हे घरी सांगावं की शेतात, ह्याचा विचार दिगांबरराव सावरगावपासून करत आले होते. घरी भांडी होती, आदळायला सोयीची. त्यांनी रिक्षा थांबवली.

"अवं, वावर पाहतं का जरा?"

"माहे गुडघे?"

"मी धरतो."

त्यांनी बायकोला धरून, थांबत थांबत, पूर्वेच्या धुऱ्यापर्यंत आणलं. नवी साडी सावरत पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागलं नाही. ह्या धुऱ्यावर त्या लहानपणी बापाची भाकर घेऊन बसत होत्या. त्यांनी हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं, मग आजच्या धुऱ्याकडे, मग बोटानं एकेक रेघ मोजत गेल्या. ओठ हलत होते. दिगांबररावांना वाटलं, रेघा आणखी पाच-पंचवीस असत्या तर बरं झालं असतं. तेवढीच उसंत.

"बावीस," त्या म्हणाल्या.

"हाओ."

"सई करून चोवीस झाले. दोन वर्स कायचे सोडले?"

"पयले दोन वर्स मी विचार करत होतो."

"माहा हिस्सा?"

"तुहाच."

पंचफुलाबाईंनी मोजणारं बोट पदरात गुंडाळलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "दादानं माहा हिस्सा घेतला, तवा मले विचारलं तरी. तहसीलात नेलं, कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, वावर जाऊ दे, माहेर राहू दे. मले कळत होतं मी काय करून रायली. अन् तुमी माहा हिस्सा आणला, तं मले सांगतलं बी नाही. माह्याच भावाच्या घरून. चोरून. आता तो पाय धुते अन् मी पाहते. मले कायचं माहेर उरलं?"

दिगांबररावांच्या कमरेतला मणका तेवढा बोलला.

"उद्या दादा येते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "वखराच्या आधी त्याले सांगा, तुमच्या तोंडानं. नाही तं मी त्याच्यासंगं सावरगावले जाते अन् परत येत नाही. आता चाला. गुडघा दुखते."

नवव्या दिवशी सकाळी मृणाल वखर जोडून ट्रॅक्टर घेऊन धुऱ्याशी उभी होती. "काका, दहाच्या आत फिरवू. ऊन चढलं की तण मऊ पडतं, नीट उपटत नाही." पंचफुलाबाई आदल्या दिवसापेक्षा हळू चालत आल्या होत्या आणि बाभळीखाली बसल्या होत्या. उकंडराव नातवाच्या गाडीवरून उतरले, काळा चष्मा सारखा केला आणि काठी टेकत सरळ शेतात शिरले.

दिगांबररावांनी रात्रभर भाषण जुळवलं होतं. त्याची सुरुवात 'मनुष्य हा चुकीचा पुतळा आहे' अशी होती. ते पुढं गेले, हात जोडले आणि म्हणाले, "उकंडदादा, धुरा मी कोरला."

भाषण तिथंच संपलं.

उकंडरावांनी काळा चष्मा काढला. नव्या भिंगाच्या डोळ्यानं हिरवा पट्टा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग रेघा पाहिल्या. मग म्हणाले, "डोया झ्याक झाला. पयले एवढं दिसत नव्हतं."

"दादा, मी काय म्हणून रायलो..."

"आयकलं मी. जवाई, मले चौथ्या सालापासून माहीत आहे. ते बाभूळ पाहा," त्यांनी पंचफुलाबाई बसल्या होत्या त्या झाडाकडे काठी केली, "माह्या वावरात होतं. एका वर्सी धुऱ्यावर आलं, मंग तुमच्या वावरात गेलं. बाभूळ काही चालत नाही."

दिगांबररावांनी बाभळीकडे पाहिलं. कित्येक वर्षं ते तिच्या सावलीत जेवत होते.

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू?" उकंडराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "बहिणीची सई म्या घेतली. तिनं देल्ली, म्या घेतली. एक साडी. रात्री झोप येत नव्हती काही दिवस. मंग तुमी धुरा कोरला, तं झोप लागली. म्हटलं, जाऊ दे, तेवढं तिकडं चाललं. पण तुमी बी काय माणूस हो! वर्साले एक वीत! मी दर पेरणीले येऊन पाहो, यंदा तरी जवाई हातभर घेईन, तं भांडाले तरी बरं पडन. एका वितीसाठी भांडावं कसं?"

"मले वाटलं, तुमाले कळन."

"मले वाटलं, तुमाले कळलं का मले कळलं."

दोघंही मग दमल्यासारखे पट्ट्याच्या कडेला उकिडवे बसले. बावीस वर्षं चोरी करून एक दमला होता, बावीस वर्षं ती न दिसल्यासारखं करून दुसरा. कोणाचं काम जास्त कष्टाचं होतं हे सांगणं कठीण.

ट्रॅक्टरवरून मृणालनं हळूच विचारलं, "काका, वखर?"

"थांब, माय," उकंडराव म्हणाले. "जवाई, हे एवढी जमीन तुमीच ठेवा."

"नाही नाही. तुमची आहे, तुमी घ्या. मी धुरा परत बांधून देतो."

"म्या काय करू तिले? पोरं पुण्यात. ठेवा तुमी."

"माह्यानं नाही ठेवल्या जात आता. घ्याच तुमी."

"अहो, घ्या म्हणतो तं!"

"मी घेणार नाही!"

आवाज चढले. ज्या जमिनीसाठी बावीस वर्षांत एक शब्द झाला नव्हता ती परत करण्यावरून भांडण जुंपलं. उकंडरावांनी काठी आपटली. दिगांबररावांनी उपरणं झटकलं. एक पट्ट्याच्या ह्या बाजूला उभा, दुसरा त्या बाजूला, आणि मधला सव्वापाच गुंठ्यांचा तुकडा कुणाच्याच पायाखाली नको. ऊन चढत होतं. मृणालनं घड्याळ पाहिलं. पंधरा-वीस मिनिटांत तण मऊ पडणार होतं, आणि मग पन्नास वर्षांनी एकदा जागं झालेलं सैन्य कोणी मारायचं हाही प्रश्न उभा राहणार होता.

शेवटी उकंडरावांनाच सुचलं. "आपण भांडून रायलो कायले? जिचं आहे तिले विचारा ना!"

दोघं वळले. बाभळीखाली पंचफुलाबाई बसल्या होत्या. इतका वेळ त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"बाई," उकंडराव म्हणाले. "चोवीस वर्साखाली मी तुले एका कागदावर सई मागतली. आज तू सांग. हे तुह्या बापाच्या हातचं वावर आहे. तू म्हणशीन तसं. तुह्या नावानं करू, ह्याइच्या नावानं करू, का माह्या. तू म्हणशीन तिथी धुरा."

"तू म्हणशीन तसं," दिगांबरराव म्हणाले.

मृणालनं ट्रॅक्टर बंद केला. पंचफुलाबाई झाडाच्या बुंध्याला धरून उठल्या. दोघेही मदतीला धावले. त्यांनी दोघांचेही हात बाजूला केले. त्या हिरव्या पट्ट्यापर्यंत आल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता इतका वेळ गेला, की उकंडरावांनी पुन्हा चष्मा लावला.

मग त्यांनी साडीचा पदर कमरेला खोचला आणि पुढ्यात ओटी केली.

"वखर घालाच्या आधी तेवढा ओटीभर तरोटा खुडू द्या," त्या म्हणाल्या. "घरी भाजीले काई नाही."